आईचा पाव

सावा नदीकाठच्या दवाखान्यात रुझा नवऱ्याची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर येला आपल्या थोरल्या भावाला खोदून खोदून विचारत होती.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“लघवीच्या नळीत गाठ आहे. कॅन्सरची. लहानपणी कुठला पाव खायचात, असं विचारत होते.”

“पाव? सिगरेटचं नाही विचारलं?”

“तेही विचारलं. पण म्हणे आपल्या गव्हात एक विषारी तण उगवायचं, त्याचं बी दळणात जायचं.”

“काहीतरीच! आई एकेक दाणा निवडून घ्यायची.”

“तिला काय ठाऊक, येला? तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.”

“अरे, पण तोच पाव मीही खाल्ला ना! मग मला कसं काही नाही?”

“सगळ्यांनाच होत नाही म्हणे. तूही तपासून घे.”

“माझं डोकंच चालेनासं झालंय, दादा.”

नर्स कागद घेऊन आली. “आजोबा, तुमच्या घरी पाव कोण भाजायचं?”

“बेकरीतून आणायचो,” येला झटकन म्हणाली.

रुझाने मान वर केली. त्या काळी नदीकाठच्या एकाही गावात बेकरी नव्हती.

म्हातारा बहिणीकडे बघत राहिला. मग नर्सला म्हणाला, “हो बाई. लिहा, बेकरीतला.”