फोटोवरून मार्क

...नाही नाही, माझं म्हणणं एवढंच आहे, मार्क द्या, कमी द्या, भोपळा द्या, आम्हाला सवय आहे, पण फोटोवरून? तुम्हाला सांगतो, ज्याला अजून नाक नाही, डोळा नाही, धड पाठपोट नाही, टाचणीच्या टोकावर बसवला तर निम्मी जागा रिकामी राहील एवढा माझा जीव, काचेच्या बशीत पडलेला, आणि त्याला एका मशीननं दहापैकी चार पूर्णांक एक मार्क दिले! वरचा तो पूर्णांक एक कशाबद्दल, हेही कुणी सांगेना. बरं, दिले कशावरून? तर फोटोवरून!

थांबा, नीट सांगतो. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. सुरुवातीला लोक विचारायचे, "काय, गोड बातमी कधी?" तेव्हा राग यायचा. मग लोक विचारेनासे झाले, आणि तुम्हाला सांगतो, विचारत होते तेच बरं होतं. नात्यात कुणाकडे बाळ झालं की आम्हाला सगळ्यांत शेवटी कळवायचे, तेही कुणीतरी आजारी असल्यासारखं हळू आवाजात. तर शेवटी गेलो दवाखान्यात. हिला पोटात रोज इंजेक्शन घ्यायचं, आणि टोचायचं कुणी, तर मी! ज्याला दाढी करताना रक्त दिसलं तर घेरी येते, तो मी. सुई हिला लागायची आणि "आई गं" मी म्हणायचो. चौथ्या दिवशी ही म्हणाली, "तू बाहेर बस, माझं मी बघते."

ह्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी नवराबायकोचा फोटो काढून घेतात, पुढं कुणाचं काही कुणाला जायला नको म्हणून. काउंटरवर एवढासा कॅमेरा. हिचा फोटो एका झटक्यात आला. मी उभा राहिलो, तर पडद्यावर अक्षरं, 'चेहरा आढळला नाही.' काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, जरा पुढं या." आलो. 'चेहरा आढळला नाही.' "सर, चष्मा काढा." काढला. 'चेहरा आढळला नाही.' मग ती काकुळतीला येऊन म्हणते, "सर, जरा नीट चेहरा करा ना!" आता हा काय आहे मग? हा करून झालेलाच आहे की!

त्याचं असं आहे, आमच्या घराण्यात फोटो कुणाचेच चांगले येत नाहीत. पिढीजात आहे ते. माणसं तशी बरी आहोत हो, समोर बघताय तुम्ही... बघताय ना? पण कॅमेरा दिसला की काहीतरी होतं. काकांच्या लग्नाच्या फोटोत सगळे हसतायत आणि काका वाकून चप्पल शोधतायत. आत्याच्या एकाही फोटोत दोन्ही डोळे एका वेळी उघडे नाहीत, कधी हा, कधी तो. माझ्या ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो बघून दरवाजावरचा गार्ड मला म्हणाला होता, "साहेब, ज्याचं कार्ड आहे त्यालाच पाठवा."

आणि हा काउंटरवरचा सगळा तमाशा पाहत मागं कोण उभं? सासूबाई! झालं, त्यांनी मला बाजूला ओढलं. "जावईबापू, इथं तुम्ही अख्खे उभे असून ह्यांना सापडत नाही, मग तुमचं ते एवढंसं कसं सापडणार? अदलाबदल झाली म्हणजे?" लॅबवाल्या बाईंनी त्यांना समजावलं, की प्रत्येक बशीवर नाव असतं, दोन-दोन माणसं तपासतात. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि लॅबच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या. रोज! आत कोण जातं, बाहेर कोण येतं, हातात काय आहे... बिचारा सफाईवाला बादली झाकून न्यायला लागला.

तर आत आमचे तीन जीव तयार झाले आणि एका उबदार कपाटात ठेवले. त्या कपाटात पण कॅमेरा! दर दहा मिनिटांनी फोटो, दिवसरात्र. लॅबवाल्या बाई म्हणाल्या, "ह्या एआयला हजारो गर्भांचे फोटो दाखवलेत. कोणते पुढं रुजले, कोणते नाही, हे त्याला माहितीय. त्यावरून ते नव्याचा अंदाज बांधतं." मी म्हटलं, बाई, सगळं मान्य, पण ह्यांचं आडनाव बघितलंत का? आमचे फोटो चांगले येत नाहीत! त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

तिसऱ्या दिवशी फोन आला, तिघांतले दोन वाढायचे थांबले.  ज्यांना पाहिलंसुद्धा नाही त्यांच्यासाठी रडायचं असतं का, हेच कळेना. दूध उतू गेलं, दोघं समोर उभे होतो, गॅस कुणीच बंद केला नाही.

राहिला एक. आणि पाचव्या दिवशी त्याला मार्क किती? चार पूर्णांक एक. लॅबवाल्या बाई म्हणाल्या, "गर्भ पोटात सोडता येईल, पण शक्यता कमी दिसते. किंवा हा सोडून द्या आणि सगळं पहिल्यापासून करू. ठरवायचं तुम्ही." म्हणजे पुन्हा त्या सुया, पुन्हा ती वाट बघणं, आणि पुन्हा एक तरी मिळेल ह्याची खात्री नाहीच. आणि हे सगळं कशावरून? तर फोटोवरून!

आता इथं आमचे बाबा आले. बाबा म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर. आयुष्यभर पेपर तपासले, पण अर्धा मार्क कुणाला जास्त दिला नाही. मला, पोटच्या पोराला, एका मार्कासाठी नापास केलं आणि घरी येऊन विचारतात, "आज चेहरा का पडलाय?" असा हा माणूस! तो सदरा इस्त्री करून दवाखान्यात आला आणि लॅबवाल्या बाईंना म्हणाला, "फेरतपासणी करायचीय."

बाई म्हणाल्या, "काका, ती परीक्षा नाहीये."

"मार्क आहेत ना? मग परीक्षा आहे. पायऱ्यांचे मार्क दिलेत का? उत्तर काही येवो, पायऱ्यांचे मार्क द्यावे लागतात. एकाचे दोन झाले का?"

"झाले."

"दोनाचे चार?"

"झाले काका."

"चाराचे आठ?"

"झाले, पण... जरा उशिरा झाले. दुसऱ्या दिवशी थोडं रेंगाळलं ते."

बाबांनी सावकाश मान वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ह्याच्यावर गेलंय." आणि मग, तुम्हाला सांगतो, त्या माणसाचा आवाज एकदम बारीक झाला. "बाई, तरी बघा ना. नऊ दशांश वाढवले की पाच होतात. कुठंतरी बसत असतील तर बसवा." मी आयुष्यात बाबांना कुणापुढं मार्क मागताना पाहिलं नव्हतं. भिंतीवर हात धुवायच्या सूचना लावल्या होत्या, त्या मी तीनदा वाचून काढल्या, कारण डोळे दुसरीकडं कुठं न्यायची सोय नव्हती.

बाईंनी मग पडद्यावर तो फोटो दाखवला. एका बाजूला चेपलेला, कडेला सरकलेला, ऐन वेळी कुणीतरी हाक मारावी आणि त्यानं तिकडं बघावं, तसा. मी म्हटलं, काका चप्पल शोधतायत!

तेवढ्यात ही म्हणाली, "तुला एक सांगू? तुझं स्थळ आलं तेव्हा तुझा फोटो बघून मी नाही म्हणाले होते."

"काय?"

"सरळ नाही. आईनं निरोप पण धाडला. पण तो मधल्या माणसाकडून पोचलाच नाही, आणि तू आपला आलास. आलास, बसलास, पाण्याचा पेला सांडलास, आणि तो पुसताना दुसरा सांडलास. मला हसू आवरेना. फोटोवर गेले असते तर तू कुठं असतास?" मग लॅबवाल्या बाईंकडे वळून म्हणाली, "मला फोटो नका दाखवू. त्याला माझ्याकडं पाठवा. समोरासमोर काय ते बघून घेऊ."

आणि सोडला हो पोटात! चार पूर्णांक एक! पुढचे दिवस घरात मोठ्यानं कुणी शिंकलंसुद्धा नाही. आणि रुजला! लॅबवाल्या बाई स्वतः बाहेर येऊन म्हणाल्या, "कमी म्हणजे नाहीच, असं मशीनही म्हणत नाही." आता सांगताय?

मुलगी झाली. बाबांनी चष्मा लावला, नातीकडं पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "दहापैकी नऊ." मी म्हटलं, एक कुठं कापलात? तर म्हणे, "उशिरा आली."

सासूबाई मात्र अजून धास्तावलेल्याच. नऊ महिने त्यांच्या मनातून ती अदलाबदल गेली नव्हती. बाळाचं नाक बघतायत, कान बघतायत, माझ्याकडं बघतायत, पुन्हा बाळाकडं. तेवढ्यात नर्स आली, बाळाच्या नोंदीसाठी फोटो काढायला. पाळण्यावर कॅमेरा धरला. बाळानं एक डोळा मिटला, तोंड वाकडं केलं आणि ऐन वेळी मान फिरवली. पडद्यावर आलं, 'चेहरा आढळला नाही.'

नर्सनं पुन्हा धरला. 'चेहरा आढळला नाही.'

सासूबाईंनी डोळे मिटून केवढा तरी मोठा श्वास सोडला आणि म्हणाल्या, "चला जावईबापू, तुमचीच आहे."

घ्या! इतक्या महिन्यांची शंका एका क्षणात फिटली. आणि कशावरून? तर फोटोवरून.