एका तासाचं भव्य आयोजन

इरावतीबाई : म्हणजे मला तास घेता येणार नाही.

सुयोग : घेता येणार नाही असं कुठे म्हटलं, मॅडम? जागा नाही, वेळ नाही आणि मुलं नाहीत. एवढंच म्हटलं.

इरावतीबाई : एवढंच ना? मला वाटलं काही अडचण आहे. बरं, जागेपासून सुरू करू. माझी वर्गखोली?

सुयोग : तिथे आठवडाभर परिसंवाद. ‘वर्गखोलीचे बदलते स्वरूप’.

इरावतीबाई : आणि भूशास्त्राची प्रयोगशाळा?

सुयोग : तिथे बाकं ठेवलीत. तुमच्या वर्गखोलीतली. स्वरूप बदलायचं होतं ना.

इरावतीबाई : ग्रंथालयातला मागचा कोपरा?

सुयोग : वाचन सप्ताह चालू होतोय, मॅडम. ग्रंथालय बंद आहे.

इरावतीबाई : झाडाखाली बसते मग. मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशी विद्यापीठ आहे आपलं. एखादं झाड तरी मोकळं असेल की नाही?

सुयोग : कॅन्टीनसमोरचं होतं. पण त्याचं शुक्रवारी वृक्षारोपण आहे.

इरावतीबाई : त्या झाडाचं? अरे, ते माझ्याहून उंच आहे.

सुयोग : दरवर्षी तेच लावतो ना आपण. शुभ आहे म्हणतात. पूर्वी शिपाई दत्ताराम एका हाताने कुंडी उचलायचे, आता क्रेन सांगावी लागते.

इरावतीबाई : सुयोग, इकडे बघ. मोबाइल ठेव खाली. सोमवारी माझ्या मुलांची परीक्षा आहे. शेवटचा धडा राहिलाय. महिनाअखेरीला मी निवृत्त होतेय. इतकी वर्षं एकाही वर्गाचा धडा मी अर्धा सोडलेला नाही, हा शेवटचा वर्गसुद्धा सोडणार नाही. मला एक तास हवाय. एक. तू आगामी कार्यक्रम कक्षाचा प्रमुख आहेस ना?

सुयोग : तोच तर लोचा आहे, मॅडम. माझ्याकडे आगामी आहे. झालेले कार्यक्रम वरच्या मजल्यावर, संपन्न कार्यक्रम कक्षात. तास म्हणजे... तो चालू असतो ना? चालू कुणाकडेच नाही.

इरावतीबाई : मग त्याला आगामी कर. वेबसाइटवर टाक.

सुयोग : तास टाकता येत नाही. प्रकार निवडावा लागतो. हे बघा, स्क्रीनवर : महोत्सव, सप्ताह, जागर, महासोहळा. तास नाहीये ह्यात. असता तर तुमच्यासाठी आत्ता टाकला असता, आईशप्पथ.

इरावतीबाई : यातलं सगळ्यात लहान कोणतं?

सुयोग : महोत्सव.

इरावतीबाई : महोत्सव सगळ्यात लहान?

सुयोग : सप्ताह पंधरा दिवस चालतो, मॅडम. जागराला रात्रीची परवानगी लागते. महासोहळ्याला कुलगुरू स्वतः येतात, मग कोणाचंच काही होत नाही. महोत्सव दुपारी दोनला सुरू करून चारपर्यंत उरकता येतो. विषय काय लिहू?

इरावतीबाई : दख्खनचा लाव्हा. बेसॉल्ट खडकाची निर्मिती.

सुयोग : लाव्हा महोत्सव. झकास! झकास, मॅडम! पोस्टर डोळ्यांसमोर आलं. खायचं काय ठेवताय?

इरावतीबाई : खडक.

सुयोग : चालेल, मिसळचा स्टॉल लिहितो. रंग तोच असतो. आता प्रमुख पाहुणे.

इरावतीबाई : मी आहे की. शिकवणारी मी.

सुयोग : तुम्ही आयोजक. आयोजकाने बोलायचं नसतं, धावपळ करायची असते. पाहुणे बाहेरचे पाहिजेत. घाटकोपरचे एक बिल्डर आहेत, कुठल्याही विषयावर येतात. मागे ‘पाणी वाचवा’वर बोलले. स्विमिंग पूल विकून गेले.

इरावतीबाई : नको.

सुयोग : मग एकच माणूस मोकळा असेल. थांबा, हाक मारतो. दत्ताराम! ओ दत्तारामभाऊ! सभागृहाची चावी घेऊन या जरा!

दत्ताराम : इलंय, इलंय. वराडतंस कित्या? समई पुसत होतंय, ती घेवनच इलंय. काय मॅडमनू, बऱ्या आसात? आज हय खंय?

इरावतीबाई : बरी आहे, दत्ताराम. मला एक तास शिकवायचंय.

दत्ताराम : शिकवूचा? हय?

सुयोग : दत्तारामभाऊ, शुक्रवारी दोनला प्रमुख पाहुणे व्हाल काय?

दत्ताराम : शुक्रवारी नाय जमाचा. झाड उचलूचा आसा. आणि माझो कोट लॉण्ड्रीत. ‘महिला आरोग्य’ला पाव्हणो झालंय ना मंगळवारी, तेव्हा सरबत सांडला.

इरावतीबाई : महिला आरोग्यावर बोललात तुम्ही?

दत्ताराम : बोललंय नाय. हसलंय. फोटोत हसूचा असता. बोलणारे वायले, दुसरे असतत.

सुयोग : भाऊंचा चेहरा पाहुण्यासारखा आहे, मॅडम. बोरीवलीला दोन ठिकाणी भूमिपूजनालाही बोलावतात. पण तुम्ही टेन्शन घेऊ नका. शुक्रवारी नसतील तर आत्ता आहेत ना? फोटो आत्ता काढून टाकू.

इरावतीबाई : शुक्रवारच्या कार्यक्रमाचे फोटो आज, बुधवारी?

सुयोग : मग कधी काढणार? शुक्रवारी फोटोग्राफर पुढच्या आठवड्याच्या कार्यक्रमांत बिझी असतो. शिवाय फोटो आधी असले की बरं पडतं. मागे अगोदर कार्यक्रम केला आणि नंतर फोटो बघितले, तर वाट लागली. पहिली रांग झोपलेली.

इरावतीबाई : सुयोग, मला फोटो नकोत. तास हवाय.

सुयोग : फोटोशिवाय वेबसाइट पुढेच जात नाही. उभ्या राहा, मॅडम, समईशेजारी. भाऊ, शाल?

दत्ताराम : ही घेवा. मॅडमनू, वायच जपान. विद्यापीठात शाल ही एकच. घातली, फोटो झालो, की परत देवची. एकदा एक पाव्हणे तशेच रिक्षात बसले नि चेंबुराक गेले. त्या आठवड्यात एकाचोय सत्कार झालो नाय.

सुयोग : हां, बघा इकडे. मॅडम, थोडं प्रसन्न. लाव्हाकडे बघून कसं वाटतं तसं नको, पाहुण्यांकडे बघून वाटतं तसं. झालं! आता प्रेक्षकांचा फोटो. तो आहे माझ्याकडे, टाळ्यांचा. सगळ्याला तोच चालतो. शोकसभेला मात्र टाळ्यांचे हात क्रॉप करतो. आता खाली दोन ओळी टाकतो. ‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. वेळेअभावी प्रश्नोत्तरे होऊ शकली नाहीत.’ आणि हे दाबलं. झालं, मॅडम. हार्दिक अभिनंदन!

इरावतीबाई : मिळाला तास?

सुयोग : तास? कार्यक्रम संपन्न झाला, मॅडम. गेला वरच्या मजल्यावर. हा बघा हिरवा टिक. शुक्रवारी दोन ते चार, लाव्हा महोत्सव, यशस्वी. तुमच्या निवृत्तीच्या फाइललाही लागेल.

इरावतीबाई : अरे, पण मी शिकवलं कुठे?

सुयोग : आता शिकवायची गरजच नाही ना!

दत्ताराम : सुयोगा, खुर्ची सरकव. मॅडमांका बसूक दी. पाणी देव काय, मॅडमनू?

इरावतीबाई : नको, दत्ताराम. अठरा मुलं आहेत हो. सोमवारी पेपर हातात घेतील आणि त्यांना कळेल, बाईंनी हे शिकवलंच नाही. मी तेव्हा घरी असेन. पार्ल्याच्या बाल्कनीत चहा पीत बसलेली असेन. ती काय म्हणतील?

सुयोग : मॅडम, प्लीज. तुम्ही अशा बसलात की मला कसंतरी होतं. मी वाईट माणूस नाहीये. मी सिस्टिम आहे.

इरावतीबाई : तुझा दोष नाही रे. जाते मी. शाल घ्या, दत्ताराम. ...सुयोग.

सुयोग : बोला ना.

इरावतीबाई : शुक्रवारी दोन वाजता सभागृहात काय आहे?

सुयोग : लाव्हा महोत्सव.

इरावतीबाई : तो तर झाला.

सुयोग : हां. झाला.

इरावतीबाई : मग शुक्रवारी दोन वाजता सभागृहात काय आहे?

सुयोग : महोत्सव झालाय म्हणून... काही नाही. पण दुसरं काही टाकता येणार नाही. स्लॉट भरलाय.

इरावतीबाई : आणि माझी मुलं? अक्षता, सिद्धेश, सगळी?

सुयोग : ती स्वयंसेवक आहेत. अक्षता माइकवर असते, सिद्धेश पुष्पगुच्छावर. पण त्या वेळेत महोत्सवाला हजर दाखवलीत, म्हणजे दुसरीकडे कुणी मागू शकत नाही.

इरावतीबाई : म्हणजे सभागृह रिकामं आणि मुलं मोकळी.

सुयोग : मॅडम... असं इथे कधी झालेलं नाही.

इरावतीबाई : परवानगी कुणाची लागेल?

सुयोग : आगामी असता तर माझी. संपन्न असता तर वरच्या मजल्याची. हे तर... हे तर चालू असेल. कुणाचीच नाही! मॅडम, पण तुम्हाला तिथे शिकवताना कुणी बघितलं तर? विद्यापीठात आहोत आपण!

दत्ताराम : मी दारात बसतंय. इचारल्यानी तर सांगतंय, सफाई चालू आसा.

सुयोग : आणि झाड?

दत्ताराम : झाड खंय पळान जाता? तेका म्हायत आसा काय करूचा ता. आपणच उतरता खड्ड्यात.

(शुक्रवार, दुपार. सभागृह.)

दत्ताराम : मॅडमनू, फळो नाय हो. सगळे फळे ‘फळ्याचो इतिहास’ प्रदर्शनाक नेले.

इरावतीबाई : मागे तो फ्लेक्स टांगलाय ना, माझ्या फोटोचा? तो उलटा करा. मागची बाजू पांढरी असते. मार्करने लिहीन.

दत्ताराम : उलटो? माझोय फोटो आसा तेच्यार.

इरावतीबाई : तुम्ही दारात प्रत्यक्ष आहात की.

दत्ताराम : ता खरा. घेवा. केलो.

इरावतीबाई : या रे, या. बसा सगळे. अरे, अरे, टाळ्या नकोत! मी नुसतं ‘बसा’ म्हटलंय.

अक्षता : सॉरी, मॅडम. सवय. मॅडम, सिद्धेश विचारतोय, गुच्छ आत्ता देऊ की तुमचा परिचय झाल्यावर?

इरावतीबाई : मला तीन वर्षं ओळखता तुम्ही.

अक्षता : हो, पण परिचय कधी झाला नाही ना.

इरावतीबाई : सिद्धेश, गुच्छ ठेव खिडकीत. आणि ती समई कशाला आणलीत? विझवा. अक्षता, तू अशी मध्ये का उभी? बस.

अक्षता : मी कधीच बसत नाही, मॅडम. मी माइकवर असते ना.

इरावतीबाई : आज माइक लागणार नाही. बस. वह्या काढा.

अक्षता : वह्या... कोणीच आणल्या नाहीत. मोठं सभागृह सांगितलं म्हणून सगळे कार्यक्रमाचे कपडे घालून आलो.

दत्ताराम : अगो, ती निमंत्रणपत्रिकांची चळत आसा थंय. ‘कागदबचत महाअभियान’. पाठ कोरी आसा तेंची. घेवा वाटून.

इरावतीबाई : घ्या. छान. आता ऐका. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपण बसलोय ती जागा वितळलेली होती. मुलुंड नव्हतं, ठाणं नव्हतं, वर तो डोंगरही नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा पसरत गेला. एकावर एक थर. भाकरीवर भाकरी रचावी तसे. हे मी असं काढते... सिद्धेश, मान डोलवू नकोस, लिहून घे. लाव्हा निवतो तेव्हा आकसतो. आकसला की तडकतो. हा तडा बघा... काय गं?

अक्षता : काही नाही, मॅडम.

इरावतीबाई : हात वर केला होतास तू.

अक्षता : चुकून झाला.

इरावतीबाई : चुकून कसा होईल? आभार मानायचेत का? ते नकोत हं.

अक्षता : आभार नाही. प्रश्न आहे. पण राहू दे, वेळ कमी असेल.

इरावतीबाई : वेळ कमी आहे असं कोण म्हणालं?

अक्षता : नेहमी असतो. मॅडम, मी तीन वर्षं प्रेक्षकांत माइक घेऊन उभी राहते. शेवटी म्हणतात, वेळेअभावी प्रश्न घेता येत नाहीत. मग मी माइक बंद करून खोक्यात ठेवते. कोणी कधी मागितलाच नाही माझ्याकडून.

इरावतीबाई : तुला काय विचारायचंय?

अक्षता : हसू नका हं. आम्ही अंधेरीला राहतो. खिडकीतून ती काळ्या खांबांची टेकडी दिसते. लहानपणापासून बघतेय. लाव्हा आडवा पसरला असं तुम्ही म्हणालात. मग ते खांब उभे कसे?

दत्ताराम : मॅडमनू, वायच घाई करा. कागदबचतवाले इलेत दारात. पत्रिका मागतत. सफाई चालू म्हटलंय, तर म्हणतत कचरो झाडूचो आवाज येणा नाय.

इरावतीबाई : दार लावून घ्या, दत्ताराम. आणि एखादी खुर्ची सरकवा आवाजाला. अक्षता, उभी राहा आणि पुन्हा विचार. मागच्या रांगेला ऐकू आलं नाही.