वरच्या खोलीचा जिना

मुलांनो, तुमच्या आजोबांची धाकटी बहीण कमल हिने मला जे सांगितलं, ते तिच्याच बोलीत उतरवते आहे. ती मला वैनी म्हणते. मी काही बदललेलं नाही, जिथे माझा उल्लेख आहे तिथेही नाही.

माहा जनम कटंगीचा, बापाची धानाची शेती. लगन लांजीले झालं अन् दोन वर्षांत मालक गेले, म्हून दादानं मले बालाघाटले आनलं. लेकरू नाही. मालकानं घेऊन देल्लेली शिलाई मशीन तेवढी संगं होती. दादा तवा किरायाच्या घरात राहे, मशीन ओसरीत, बायका रस्त्यावरून सरळ येत. ब्लाउज, पोलके, शाळेचे फ्राक. सगळ्यात जास्त काम बौद्ध वार्डातून ये. त्यायच्या पोरी शाळेत जाऊन राह्यल्या होत्या, त्यायले कपडा नीट बसलेला लागे, कसाबसा चालत नसे. काय सांगू तुले वैनी, ते चार वर्षं मी कोनापुढं हात पसरला नाही.

मंग दादानं घर बांधाले काढलं. वरची खोली माही. मिस्तरी दादाले पुसे, मास्टरजी, सीढ़ी अंदर से चढ़ाऊँ या आँगन से? आई म्हने आतूनच, जवान विधवा पोरगी, तिले बाहेरून वाट देल्ली तं लोक काय म्हनतीन. मी म्हटलं, आई, माह्या गिराइकिनी कुठून येतीन वं? आई म्हने, काहून, त्यायले पाय नाहीत का, जिन्यानंच चढतीन. मिस्तरी हसला. दादानं तुह्याकडं पाह्यलं. तू शिकलेली, इंग्रजी वाचनारी, आई तुहं ऐके. अन् आदल्याच दिवशी विहिरीपाशी मी तुले सांगतलं होतं, वैनी, अंगनातून जिना माग माह्यासाठी. तू हौ म्हटलं होतं. अन् दादाले काय म्हटलं, तं आतूनच बरा, कमलले पावसात भिजा लागनार नाही.

लाल सिमेंटचा झाला, गुळगुळीत, लोक पाहाले येत. पहिली पायरी देवघराच्या दाराशी. आठवड्याच्या आतच शेवंताबाई आली, वार्डातली, पोरगी संगं, पोरीच्या लगनाचं कापड घेऊन. आई म्हने, बाई, तिथंच थांब, कापड दाराशी ठेव. शेवंताबाई म्हने, पोरीचं माप द्याचं आहे. आई म्हने, माप अंगनात घेते कमल. अंगनात, येनाऱ्याजानाऱ्यांसमोर, लगनाच्या पोरीचं माप. शेवंताबाईनं कापड काखेत घेतलं, पोरीचा हात धरला, गेली. मी जिन्यावर उभी होती. मी खाली उतरली नाही, हेही लिही.

मंग तो वार्डच आला नाही. बाकीच्या आईच्या चौकशीले कटाळल्या, बाजारातल्या टेलरकडं गेल्या. मशीनवर धूळ बसे, पाहवे ना, मीच राजेगावच्या एका पोरीले देऊन टाकली.

आई गेल्यावर दादा म्हने, कमल, आता बाहेरून जिना काढू का? मी म्हटलं, राहू दे, आता येते कोन.

तुह्यावर राग नाही वैनी. तुहे नातू-नाती सुखानं नांदोत. दादानं मले उपाशी ठेवलं नाही, नेसाले कमी पडू देल्लं नाही, हे आधी लिही. पन मले कमावून खायाचं होतं.