ताईचं पोस्टिंग
वडील आमचे फौजेतनं रिटायर झाले, पर आप्पांचं डोकं अजून युनिटातच हाय. आमची ताई नर्स म्हणून दुबईला गेली आणि साध्या फोनवर म्हणाली, "आप्पा, हितं आपल्या नेहमीच्या अ‍ॅपवरनं व्हिडिओ कॉलला बंदी हाय."

मला वाटलं, आप्पा हिरमुसतील. तर ते ताठ बसले. "बॉर्डरवर आमालाबी फोनबंदी असायची. म्हंजी पोरीचं पोस्टिंग लय मोठं हाय."

"आवं आप्पा, तिथं सगळ्यांनाच बंदी हाय." पर ऐकतंय कोण.

ताई सुट्टीला रहिमतपूरला आली. शेजारच्या काकूंनी कौतुकानं विचारलं, "तिकडं काय काम करतीस गं?"

ताईनं तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "वहिनी, तिला सांगायची परवानगी न्हाई."