टेस्टर द्या, सर

तुमी मले हट्टी म्हणता नं, तं हे आयका. वायरमनच्या लायसन्सची परीक्षा द्याची म्हणून मी बडनेऱ्याहून अकोल्याले क्लासले जात होती. एक दिवस भर उन्हायात सरांनी तोंडी परीक्षेचा सराव घेतला. मेन स्विच बंद केला अन् मले म्हणाले, "ताई, हा बोर्ड उघडा, वायर सोडवा."

मी म्हटलं, "टेस्टर द्या."

"अवो, तुमच्या डोयादेखत मेन बंद केला नं!"

"केला. पण टेस्टर द्या."

पंख्याखाली बसलेली पोरं हसाले लागली. सर चिडले. "वीस वर्षं झाली मले या धंद्यात. माह्यावर भरोसा नाही काय?"

"नाही."

"परीक्षेत असं बोलसान तं नापास करतीन!"

"करू द्या. जित्ती तं राहीन."

सरांनी टेस्टर टेबलावर आपटला. मी तो उचलून वायरले लावला, तं त्यातला दिवा लागला.

"असं कसं?" सर म्हणाले. "मेन तं बंद हाय!"

इन्व्हर्टर चालू होता, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. मी वर बोट दाखवलं.

"मंग सर, हा पंखा काय तुमच्या भरोशावर फिरून राहिला?"