पाचट, काळा कागद आणि चुलत्याचा कृष्णराज

...न्हाय, तुम्हीच सांगा, मातीवर पांघरूण घालायला परभणीची पदवी लागती का? तुम्हाला सांगतो, माझा चुलत भाऊ कृष्णराज परभणीच्या कॉलेजात शेतीचं शिकून आला न् भिंतीपल्याड त्यांच्या परसात वांग्याचा वाफा केला. एकच! झाडांच्या बुडात उसाचं वाळलेलं पाचट अंथरलं, असं निगुतीनं, जणू त्यावर पंगत बसायची हाय. मंग काय! माती गार, तण न्हाय, वांगी अशी चकचकीत की आमचे अप्पा, ज्यांनी म्या कॉलेज सोडल्यापासून माझ्याकडं मान वर करून बघितलं न्हाय, ते पाव्हण्याला चहाच्या आधी तिकडं नेत्यात. 'बघा, आमच्या कृष्णराजचा वाफा!' आमच्या? ओ अप्पा, तुमचा म्या हाय!

म्हणलं, आपुन बी वाफा करू. एकदा, फक्त एकदा, अप्पांनी पाव्हण्याला माझ्या वाफ्यापाशी आणलं पायजे! पण पाचट? बिलकूल न्हाय. कृष्णराजचं उष्टं म्या वापरत नसतो. ढोकीच्या बाजारातनं प्लास्टिकचा काळा कागद आणला, मिरची लावली, कागद ताणून बसवला... आणि मार्चचं ऊन! आठ दिवसांत रोपं अशी करपली की आई म्हणली, 'सुरज, आता मीठ लाव, सांडगी मिरची झाली.' भिंतीवरनं कृष्णराजचा त्यो गोड आवाज, 'दादा, उन्हाळ्यात काळा कागद तापतो रे...' दादा म्हणायचं न् दात काढायचे! दोन महिन्यांनी मोठा हाय म्या त्याच्यापेक्षा, ते दोन महिने सोडले तर माझ्याकडं हाय काय?

मंग सोयाबीनचं भुस्कट घातलं. झ्याक! मऊ, पिवळं, पाचटापेक्षा लई देखणं. पण आमच्या दारात सात शेळ्या, आणि भुस्कट म्हणजे त्यांचा रोजचा खुराक! आधी भुस्कट खाल्लं, मंग तोंडी लावायला मिरचीची नवी रोपं. अप्पा बाजंवरनं बघत हुते! उठले का? वर म्हणत्यात, 'शेळ्यास्नी आवडलं बघ.' आणि चालले भिंतीपल्याड. ओ अप्पा, तुमचा म्या हाय!

शेवटी लाज गिळली. गावातल्या शरणबसप्पाच्या ऊस तुटलेल्या फडातनं पाचटाचे दोन भारे डोक्यावर आणले, हात कापले, मान खाजून खाजून लाल झाली. टमाटे लावले, बुडात वीतभर थर दिला... आणि लागले की राव! हिरवंगार पहिलं टमाटं, बोराएवढं! रविवारी उमरग्याचे पाव्हणे यायचे हुते. म्हणलं, ह्योच मोका. दाढी करायला गेलो, इस्त्रीचा शर्ट घालून आलो, तर... धूर!

अप्पा! हातात काडेपेटी, तोंडावर समाधान. 'पाव्हणे यायलेत. पाचट पडलं हुतं, दिलं पेटवून. जागा कशी साफ झाली!' चाळीस वर्सं फडातलं पाचट पेटवलेला माणूस, पाचट दिसलं की हात आपोआप खिशात! आयुष्यभर एकच चूक केली की ह्या म्हाताऱ्यांच्यात त्याला अनुभव म्हणत्यात. म्या विचारलं, 'मंग पल्याडचं का न्हाय पेटवलं?' तर म्हणत्यात, 'ते कसं पेटवीन? ते कृष्णराजचं शास्त्र हाय.' ओ अप्पा...!

पाव्हणे आले. कृष्णराज कुठला गप बसतोय, लागला सांगायला, पाचट जाळू नये, मातीतले जीव मरत्यात, अमकं न् ढमकं... आणि तुम्हाला सांगतो, अप्पांनी सोताहून समद्या पाव्हण्यांना हाताला धरून माझ्या वाफ्यापाशी आणलं! माझ्या! तवापासनं रोज कुणी ना कुणी येतंय. अप्पा काठीनं दाखवत्यात, 'बघा, पाचट जाळलं की असं हुतं.' कुणी जाळलं ते सांगत न्हायीत. म्या आपला शेजारी उभा, ताठ, इस्त्रीच्या शर्टात... आणि अप्पा म्हणत्यात, 'सुरज, जरा बाजूला सर. पाव्हण्यास्नी जळालेलं दिसंना.'