घोरणं थांबल्यापासून

वैद्यबाई : उपाशी? सकाळपासून?

नवरा : चहासुद्धा दिला नाही. सुईचं काम म्हणजे उपाशीपोटी. जन्म गेला माझा लॅबमध्ये लोकांचं रक्त काढण्यात, एवढं कळतं मला.

वैद्यबाई : काका, मी रक्त काढत नाही, अ‍ॅक्युपंक्चर करते. माझ्या सुया पोकळ नसतात. आणि रिकाम्या पोटी सुया लावल्या तर माणसाला भोवळ येते. मावशी, ही बिस्किटं घ्या. थांबा, त्याआधी जीभ दाखवा. अजून बाहेर. हे काय, घासून आलात?

बायको : मग! परक्या माणसापुढे काढायची म्हणजे स्वच्छ नको?

वैद्यबाई : जिभेवरचा थर बघायचा असतो मला. तोच पुसून आलात. असू दे, पुढच्या वेळी सकाळी असते तशीच घेऊन या. खा आता.

बायको : तरी मी म्हणत होते, दोन घास खाऊन निघते. पण आमच्याकडे साहेब आहेत ना.

नवरा : चुकलं बाई. खा.

वैद्यबाई : गोळ्या कुठल्या चालू आहेत?

नवरा : सगळ्या पिशवीत आणल्यात. ही ब्लडप्रेशरची, ही दुखण्याची. खांदा उजवा. डॉक्टर म्हणाले, सांधा आखडलाय. गोळ्या झाल्या, शेक झाला, व्यायाम झाला.

वैद्यबाई : डॉक्टरांचं काही बंद करायचं नाही. माझं त्याच्या जोडीला. मावशी, हात वर कुठवर जातो?

नवरा : कानापर्यंत जाईल, पण ही...

वैद्यबाई : खांदा तुमचा दुखतोय का काका?

नवरा : नाही.

बायको : कानापर्यंत कसला? खांद्याच्या वर नाही जात. शिलाई मशीन कसंबसं चालवते, पण वरच्या फळीवरचं कापड काढायचं तर गिऱ्हाइकालाच सांगावं लागतं. केस विंचरता येत नाहीत.

वैद्यबाई : मग ही वेणी?

बायको : यांनी घातली. रक्त काढताना दंडाला पट्टा बांधतात ना, तशी आवळलीय.

नवरा : सुटली नाही ना अजून?

वैद्यबाई : द्या मनगटं. दोन्ही. नाडी बघते, आता कोणी बोलू नका.

नवरा : ठोके मी सकाळीच मोजलेत.

वैद्यबाई : काका.

नवरा : बरं.

(वैद्यबाई दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून नाडी बघतात.)

वैद्यबाई : झोप कशी आहे?

नवरा : गाढ. उशीला डोकं टेकलं की संपलं.

बायको : नाही.

नवरा : नाही काय? मी बघतो ना!

बायको : तुम्ही झोपलेले असता. बघता कसलं?

वैद्यबाई : कुठल्या कुशीवर झोपता?

बायको : डाव्या. यांच्याकडे तोंड करून.

वैद्यबाई : आणि उजवा हात?

बायको : असतो कुठेतरी.

नवरा : कुठेतरी काय? माझ्या छातीवर असतो रात्रभर. आता लाजतेस कशाला? जड होतो म्हणून मी खाली काढून ठेवतो, तर ही परत ठेवते. म्हटलं, उतारवयात प्रेमाला भरती आली.

बायको : भरती कसली मेली. श्वास बघते.

नवरा : कुणाचा?

बायको : शेजाऱ्यांचा! कुणाचा म्हणे. बाई, तुम्हीच ऐका आता. यांना हार्टचा झटका आला ना, त्या पहाटे मला जाग कशानं आली माहीत आहे? घोरणं थांबलं म्हणून. खोली एकदम शांत झाली. म्हणून वेळेवर पोचलो. ऑपरेशननंतर यांनी वजन उतरवलं आणि घोरणं गेलं. आता खोली रोजच शांत. मग मला कळायचं कसं?

नवरा : घोरतो म्हणून तूच तर आयुष्यभर कटकट केलीस! चालून चालून चपला झिजवल्या मी.

बायको : चांगलंच केलंत. मी काही म्हटलं का?

नवरा : तेच. म्हणायचं ना एकदा तरी.

बायको : काय म्हणू? चहा हातात देताना सांगू, की तुम्ही जाल या भीतीनं मी जागी असते?

वैद्यबाई : मावशी, खांदा यानंच आखडला असं मी म्हणणार नाही. पण रात्रभर हात असा ताणून ठेवलात, तर दिवसा मी सैल केलेलं रात्री पुन्हा आवळणार. या हाताला उशीवर विसावा हवा.

बायको : मग दुखू दे.

वैद्यबाई : आणखी आखडला तर मशीन बंद होईल.

बायको : होऊ दे. पडदे शिवणारे पुष्कळ आहेत गावात.

वैद्यबाई : काका? तुम्ही काय म्हणता?

नवरा : अगं, हात उशीवर ठेव तू. मी धरतो. मनगटाशी. मी धरलाय म्हणजे मी आहे.

बायको : झोपेत सुटला तर?

नवरा : तर उठव. शिव्या घालून उठव.

बायको : आणि तुमच्या झोपेचं काय?

नवरा : दुपारी काढतो की. पेन्शन खाणाऱ्याला दुसरं काम काय?

बायको : बघू.

वैद्यबाई : बघू म्हणालात, आजच्यापुरतं पुरे. या, टेबलावर. डाव्या कुशीवर, तोंड भिंतीकडे. पाकीट तुमच्यासमोर फोडते. सुया नव्या आहेत, केसाएवढ्या. टोचलेलं फारसं कळणार नाही, मागाहून आत जडपणा येईल, मुंग्या येतील. ते ठीक. पण चटका बसला किंवा गरगरलं तर लगेच सांगायचं, सोसायचं नाही. सोसण्यात तुम्ही पटाईत दिसता.

नवरा : रक्त येईल?

वैद्यबाई : आलंच तर टिपूसभर.

बायको : अहो, तुम्हीच पांढरे पडलात. बाई, यांना खुर्ची द्या.

नवरा : लॅबमध्ये दुसऱ्यांचे हात होते गं ते.

वैद्यबाई : झालं. कसं वाटतंय?

बायको : लागल्या? मला वाटलं, नुसतं बोट ठेवलंत. हं, आता जड होतंय. आतून कुणीतरी दाबून धरल्यासारखं.

वैद्यबाई : तसंच पडून राहा. झोप आली तर येऊ द्या. मी पलीकडे काढ्याची पुडी बांधते. तुमच्या गोळ्यांबरोबर चालेल अशीच देते, पण सुरू करायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. कडू आहे, आधीच सांगते.

नवरा : मलाही एखादी...

वैद्यबाई : रक्त पातळ करायची गोळी घेता ना? मग माझ्या मुळ्या तुमच्यासाठी नाहीत. तुम्ही फक्त बसा इथे. न बोलता.

बायको : ते जमायचं नाही त्यांना.

नवरा : ...

बायको : अहो?

नवरा : हं.

बायको : गेल्या का त्या?

नवरा : गेल्या. झोप तू.

बायको : भिंतीकडे तोंड आहे माझं. तुम्ही दिसत नाही.

नवरा : इथेच बसलोय मागे.

बायको : ऐकूही येत नाही.

नवरा : श्वास घेतोय गं.

बायको : जरा मोठ्यानं घ्या.